खोगीर सारखं मानेवर सरकतंय, काय करू?

वाचकांचे प्रश्न : घरचं जनावर

प्रश्न : नमस्कार डॉक्टरकाका, आम्ही इंदूरला राऊच्या पुढे राहतो, महू रोडला थोडी शेती आहे. पाच महिन्यांपूर्वी जवळची एक वीटभट्टी बंद झाली तेव्हा तिथली एक गाढवी आम्ही घरी आणली, तेव्हा तिच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या, आता छान भरलीय. मुलगी ९ वर्षांची आहे, वजन २३ किलो, ती आणि गुड्डी (गाढवीचं नाव) दिवसभर एकत्र असतात आणि मुलीला तिच्यावर बसायचंच आहे. म्हणून मी ऑनलाइन पोनीचं सॅडल मागवलं, सगळ्यात लहान साइझ, साडेसहा हजार रुपये गेले. पण ते दहा-बारा पावलांत पुढे सरकतं आणि मानेपाशी जाऊन बसतं, तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा) कितीही आवळला तरी तेच. ओळखीच्या एका घोडीवाल्याने सांगितलं की अजून आवळा, गाढव पोट फुगवून ठेवतं. परवा उतारावर मुलगी पुढे घसरून पडली, लागलं नाही पण मी फार घाबरले. आणि काल खरारा करताना कण्याच्या दोन्ही बाजूंना हात लागला की गुड्डी अंग चोरत होती. आमचं चुकतंय काय आणि तिच्या मापाचं खोगीर मिळेल कुठे?
– एक आई, राऊ, इंदूर

उत्तर : ताई, आधी एक काम करा, ते खोगीर आजपासून बंद. अंग चोरते म्हणजे तिची पाठ दुखतेय, आणि गाढवाने दुखणं दाखवलं याचा अर्थ बरंच दुखत असणार, कारण हे जनावर फार सोसतं. घोडा उड्या मारेल, लाथ झाडेल, गाढव नुसतं उभं राहतं, कान थोडे मागे घेतं, चारा जरा कमी खातं, आणि आपल्याला वाटतं किती शहाणं आहे. दोन-तीन आठवडे तिच्या पाठीवर काहीही ठेवू नका. रोज सकाळी बोटांच्या पेरांनी खांद्यापासून कमरेपर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंनी हलका दाब देत जा, कुठे गरम लागतं, कुठे सूज आहे, कुठे कातडी थरथरते ते बघा. फोड किंवा उघडी जखम दिसली, किंवा तिने चारा टाकला, तर वाट बघू नका, महूचं व्हेटर्नरी कॉलेज तुम्हाला जवळ आहे, तिथे दाखवून आणा. गाढवाने खाणं सोडणं ही साधी गोष्ट नसते, दोन दिवसांत रक्तात चरबी वाढून जिवावर बेतू शकतं, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. पुढे त्या जागी पांढरे केस उगवले तर समजायचं की दाबाने केसांची मुळंच दुखावली होती, ते केस मग बहुतेक पांढरेच राहतात.

आता सरकतं का ते सांगतो. तुमची चूक तंग सैल असण्याची नाहीच. घोड्याला मानेच्या मागे खांद्यावर चांगला उंचवटा असतो, खोगिराला पुढे जायला तिथे अडसर मिळतो. गाढवाला तो उंचवटा जवळजवळ नसतोच, पाठ सरळ फळीसारखी, कधी कधी तर पुठ्ठा (शेपटीकडचा मागचा भाग) खांद्यापेक्षा वर, म्हणजे सगळा उतार मानेकडे. त्यात अंग गोल, पिंपासारखं, आणि पोट मागे रुंद होत जातं. तंग नेहमी अंगाच्या सगळ्यात अरुंद जागी जायला बघतो आणि गाढवाची ती जागा अगदी पुढे, कोपरांच्या मागे असते, म्हणून तुम्ही जितका आवळाल तितका तो त्या खाचेत शिरणार आणि खोगिराला बरोबर पुढे ओढून नेणार. घोडीवाल्याचा सल्ला घोडीसाठी ठीक असेल, गुड्डीसाठी उलटा आहे. पोट फुगवण्याचं म्हणाल तर ती फुगवते कारण एकदम आवळलं की दुखतं, तंग दोन-तीन टप्प्यांत लावायचा, मध्ये तिला चार पावलं चालवायचं, आणि शेवटी तंगाखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

मी स्वतः हीच चूक केलेली आहे. नोकरी नवीन होती, सुट्टीत पुतणी घरी आलेली, एका कुंभाराचं गाढव थोड्या वेळासाठी मागून आणलं, घोड्याचं जुनं खोगीर टाकलं आणि सरकतंय म्हणून आवळत गेलो. मुलगी मजेत होती. संध्याकाळी तंग सोडला तर कोपरामागची कातडी रुपयाएवढी सोलली होती, दोन्हीकडे, आणि ते जनावर एवढा वेळ एक शब्द न बोलता चाललं होतं. त्या कुंभाराकडे पुढचे आठ दिवस मी रोज मलमपट्टीला जायचो. तेव्हापासून गाढवाला खोगीर म्हटलं की मी आधी पाठीवर हात फिरवतो आणि मग सामानाकडे बघतो.

तर माप. गाढवाचं खोगीर ‘स्मॉल’ ‘मीडियम’ असं मागवून चालत नाही, तिच्या पाठीचा आकार कागदावर उतरवावा लागतो, आणि हे घरी होतं, अर्ध्या तासाचं काम आहे. महाराणी रोडवर इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात जाड ॲल्युमिनियमची तार मिळेल, वाकवली की तशीच राहते अशी, दीड-दोन फूट पुरे. गुड्डीला सपाट जागी उभी करा, चारही पाय नीट टेकलेले, मान सरळ, चारा खाली ठेवू नका नाहीतर मान खाली जाईल आणि पाठीचा आकार बदलेल. मुलीला समोर उभी करा, ती असली की गुड्डी हलणार नाही. आता खांद्याचं पातं हाताने शोधा, पुढचा पाय कुणीतरी उचलून पुढे ओढला की ते पातं मागे सरकतं, कुठपर्यंत येतं ते बघा, आणि त्याच्या मागे दोन-तीन बोटं सोडून खडूने खूण करा. खोगिराची पुढची कड ह्या खुणेच्या पुढे कधीच यायला नको. मग मागून शेवटची बरगडी शोधा, ती पोटाकडून वर चाचपत कण्यापर्यंत जा, तिथे दुसरी खूण. खोगिराची मागची कड ह्याच्या मागे जायला नको, कारण त्याच्या मागे कंबर, तिथे खालून बरगड्यांचा आधार नसतो, सगळं वजन नुसत्या मणक्यांवर. घोड्याला कमरेचे मणके सहसा सहा असतात, गाढवाला पाच, त्यामुळे तिथे चुकायला जागा आणखी कमी. ह्या दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा, तेवढीच तुमची जागा. आपल्याकडच्या लहान गाढवांत ते अंतर ऐकून लोकांना धक्का बसतो, पोनीचं खोगीर बहुतेक वेळा तिथे लांबीलाच नापास होतं.

नंतर तार पुढच्या खुणेवर आडवी ठेवून दोन्ही बाजूंना अंगाला चिकटेल अशी दाबा, अलगद उचला, पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून आतल्या कडेने पेन्सिल फिरवा. असं तीनदा, पुढे, मध्ये आणि मागच्या खुणेवर. पुठ्ठा कापून परत तिच्या पाठीवर ठेवून बघा, मध्ये उजेड दिसला की पुन्हा. एक मात्र आहे ताई, गुड्डी पाच महिन्यांत भरलीय म्हणता, म्हणजे तिचा आकार अजून बदलतोय, गाढवाची चरबी मानेच्या वरच्या कडेवर, बरगड्यांवर, शेपटीकडच्या भागावर चढते आणि लवकर उतरत नाही. छातीचा घेर दर आठवड्याला सुतळीने मोजा, चार आठवडे आकडा तोच राहिला की मगच खोगिराला माप द्या, आणि त्यानंतरही दर तीन महिन्यांनी तोच पुठ्ठा ठेवून बघत जा, पावसाळ्यात हिरवं खाऊन हमखास फरक पडतो.

पुठ्ठे हातात आले की तुमचं आताचं खोगीर उलटं करून त्याच्या आत धरा. मला जवळजवळ खात्री आहे की तुम्हाला दोन गोष्टी दिसतील. आतला सांगाडा इंग्रजी व्ही सारखा असेल आणि गुड्डीची पाठ यू सारखी, म्हणजे दोन्ही बाजूंची टोकं तिला चिमट्यासारखी धरतायत, तुम्ही सांगता ती कण्याच्या दोन्ही बाजूंची दुखरी जागा तीच. आणि खालची बाजू लांबीत केळ्यासारखी वाकलेली असेल, तिची पाठ मात्र सरळ, त्यामुळे ते झुल्यासारखं पुढे-मागे डुलतं. सांगाडा अरुंद असेल तर खाली गाद्या घालून ते बरं होत नाही, घट्ट बुटात जाड मोजे घातल्यासारखं होतं, आणखी चावतं. ते परत करता आलं तर करा, नाहीतर रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) आणि त्यांचे पट्टे काढून ठेवा, ते नव्याला कामाला येतील.

नवीन बनवताना किंवा घेताना हे बघा: सांगाडा रुंद आणि यू आकाराचा, खालची बाजू सरळ, पाठीला टेकणाऱ्या दोन्ही गाद्या रुंद आणि भरीव, मध्ये कण्यावर मोकळी नाळ (लांब खाच) इतकी की मुलगी बसल्यावरही पुढून दोन बोटं जावीत आणि मागून बघितलं तर आरपार उजेड दिसावा. तंगाचे पट्टे अगदी पुढे नकोत, मधल्या भागातून निघाले पाहिजेत, आणि एक पट्टा पुढून एक मागून येऊन खाली एकत्र होत असेल तर फारच चांगलं. तंग कोपरामागे चार बोटं सोडून बसावा. वजन कमीत कमी. आणि मागच्या बाजूला, बरोबर मध्ये, एक पक्की लोखंडी कडी हवीच.

ती कडी दुमचीसाठी. ताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर ही दुमची आहे, खोगीर कितीही नीट बसलं तरी गाढवाला उंचवटा नाही तो नाहीच, मग पुढे जायला अडवणार कोण, तर मागून धरून ठेवणारा पट्टा. दुमची म्हणजे शेपटीच्या मुळाखालून जाणारी चामड्याची गुळगुळीत गुंडाळी, तिथून पट्टा पाठीच्या मागच्या भागावरून पुढे येऊन त्या कडीत अडकतो. गुंडाळी निदान अंगठ्याएवढी जाड पाहिजे, बारीक असेल तर सुतळीसारखी कापते. शिवण आतल्या बाजूला येता कामा नये. जुने कारागीर तिच्यात जवस भरायचे, जवसाच्या तेलाने चामडं आतून मऊ राहतं, तुमच्या कारागिराला हे सांगा, जवस तर घरात असतोच. लावताना शेपटी वर धरून सगळे केस बाहेर काढायचे, एक केस जरी अडकला तरी तासाभरात जखम. पट्टा आणि तिचं अंग यांच्यात दोन-तीन आडवी बोटं जातील इतका सैल ठेवा, दुमची सपाटीवर नुसती हजर असावी, उतारावर तेवढी कामाला लागावी. आणि पहिल्याच दिवशी लावू नका, आठवडाभर रोज बाजूला उभं राहून तिथे हाताने खाजवा, मग मऊ फडकं फिरवा, मग नुसती दुमची लावून हातात धरून चालवा. भट्टीवरच्या जनावरांनी मागून बरेच फटके खाल्लेले असतात, गुड्डी तिथे हात लावू देते की नाही यावरून तुम्हाला कळेलच. नाहीच आवडली तिला, किंवा तुमची जागा चढ-उताराची असेल, तर मांड्यांच्या मागून आडवा जाणारा रुंद पट्टा लावा, तो शेपटीखालच्या, ढुंगणाच्या टोकदार हाडाच्या बराच खाली, मांडीच्या मांसल भागावर बसतो, सपाटीवर त्याच्यात एक मूठ जावी.

खोगिराखाली लोकरीचा नमदा (दाबून केलेलं जाड कापड) घाला, एक थर, मध्ये कण्यावर बोटाने वर उचलून नाळेत घालायचा म्हणजे कणा मोकळा राहतो. स्पंजचं नको, आपल्या उन्हाळ्यात घाम धरून ठेवतं. पहिल्यांदा वापराल तेव्हा नमद्याच्या खाली धुतलेलं पांढरं सुती धोतर किंवा चादरीचा तुकडा घाला, गुड्डी धुळीत लोळून आलेली असेल तर उत्तमच, मुलीला वीस मिनिटं बसवून चालवा आणि कापड उघडून बघा. दोन्ही बाजूंना सारखा मळ उमटला तर ठीक, एखादाच काळा डाग खोल उमटला तर तिथे दाब जास्त, आणि मधला पट्टा कोरा असायलाच हवा. तो कोरा पट्टा दिसला की काय बरं वाटतं म्हणून सांगू. वीस मिनिटांनी परत पाठीवरून हात फिरवा, काही सूज उशिरा येतात.

वजनाचं. इंग्लंडमध्ये द डाँकी सँक्चुअरी म्हणून गाढवांसाठी काम करणारी मोठी संस्था आहे, त्यांची मर्यादा पूर्ण वाढलेल्या निरोगी गाढवाला ५० किलो आहे, पण तिकडची गाढवं आपल्यापेक्षा अंगाने बरीच मोठी. मी आपल्याकडच्या लहान गाढवाला त्याच्या वजनाचा पाचवा भाग धरतो, खोगिरासकट. गुड्डी समजा १२० किलोची असेल तर २४ किलो, मुलगीच २३ आहे. म्हणजे आज बसेल, हलक्यात हलक्या गादीवर, थोडा वेळ, पण वर्ष-दीड वर्षात तिची उंची-वजन वाढेल आणि तेव्हा तिला खाली उतरावं लागेल, हे तिला आत्ताच सांगून ठेवा, नंतर रडारड नको. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर खूप खर्चाचं खोगीर केलंच नसतं. पाठ बरी झाल्यावर जाड नमद्याची साधी गादी, रुंद सुती तंग, दुमची, रिकिबी नाहीत, दहा-पंधरा मिनिटं, कुणी मोठं माणूस मोहरकीची (तोंडावरच्या पट्ट्याची) दोरी धरून. रिकिबी नाहीत हे महत्त्वाचं, कारण सांगाडा नसलेल्या गादीला रिकिबी लटकवल्या की मुलीचं सगळं वजन कण्यावर एका पट्टीत येतं. गुड्डीचं वय चारच्या खाली नाही ना, हे कॉलेजमध्ये दात दाखवून नक्की करून घ्या, त्याआधी कुणालाही बसवू नये. मुलीला हेल्मेट आणि बंद बूट.

खोगीर करायचंच असेल तर कानपूरला घोड्याच्या सामानाचा जुना धंदा आहे, तिथल्या खोगीरकामाला जीआय टॅगसुद्धा मिळालाय, तिथले लोक मापाचे पुठ्ठे कुरियरने पाठवले तर रुंद सांगाड्यावर करून देऊ शकतात, मात्र आधी फोनवर ‘पोनीचं नको, गाढवाचं’ हे दोनदा बोलून घ्या. दुमची आणि तंग इंदुरातच होतील, घोडीवाल्यांचं चामड्याचं काम जो मोची करतो त्याचा पत्ता काढा. घोडीवाल्यांचं जुनं खोगीर मात्र विकत घेऊ नका, लग्नाचं असतं ते, जड, आणि मोठ्या माणसासाठी.

प्रश्न : काका, आमच्याकडे नवीन जावई आलेत. रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) बघायला सगळे राजवाड्यावर जाणार, तर त्याआधी गल्लीत जावयांना गाढवावर बसवून मिरवायचा प्लॅन आहे, महाराष्ट्रात करतात तसं. गाढव भाड्याने मिळतंय, वर बसायला काय घालावं?
– मल्हारगंज, इंदूर

उत्तर : भाऊ, बीड जिल्ह्यातल्या विडा गावची ती धुळवडीची प्रथा मला माहीत आहे, आणि तुमची हौसही कळते. पण जावई सत्तर-पंचाहत्तर किलोचे असतील ना? १९६५ च्या केंद्राच्या नियमांत ओझ्याच्या गाढवाला ५० किलोची मर्यादा लिहिलेली आहे, तंग-गादी कितीही चांगली घातली तरी वरचा माणूस तेवढाच राहतो. शिवाय त्या दिवशीचा डीजे, डोळ्यांत जाणारा रंग, चारी बाजूंनी माणसं. गाढव घाबरलं की पळत नाही, जागेवर थिजतं, मग लोक मागून ढकलतात, शेपटी पिरगाळतात, मी हे बघितलेलं आहे आणि मला ते सहन होत नाही. तुम्ही एक ठेला फुलांनी सजवा, जावयांना त्यावर बसवा, चार मेहुण्यांनी ढकला. आणि त्या भाड्याच्या गाढवाच्या मालकाला ठरलेले पैसे द्याच, त्याने तुमच्यासाठी दिवस राखून ठेवलेला असेल. त्याच नियमांत दुपारी १२ ते ३ मध्ये पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे त्या वेळात जनावराला कामाला लावू नये असंही आहे, एप्रिल-मेमध्ये वीट-वाळूचं काम करून घेणाऱ्यांना तुम्ही हे सांगू शकलात तर फार बरं होईल.

प्रश्न : मी वडोदऱ्याहून लिहितोय. मित्राने जामनगरकडून हालारी गाढव आणलंय, पांढरं, आपल्या नेहमीच्या गाढवापेक्षा उंच आणि दांडगं. ह्याला घोड्याचं खोगीर चालेल ना? त्याचा ११ वर्षांचा मुलगा बसणार आहे.
– दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : उंच असलं तरी पाठ गाढवाचीच, खांद्याचा उंचवटा नाही आणि सरळ पाठ, तेव्हा वर राऊच्या ताईंना लिहिलंय ते सगळं लागू, दुमचीसकट. फरक इतकाच की वजनाला थोडी जास्त मोकळीक मिळेल, मुलगा तीसच्या आत असेल तर हरकत नाही. जनावर जपा मात्र. २०१९ च्या पशुगणनेत अख्ख्या देशात गाढवं जेमतेम १ लाख २० हजार राहिली होती, २०१२ च्या मानाने ६१ टक्के कमी, आणि हालारी तर भरवाड-रबारी लोकांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळलेली जात, मादी असेल तर बसण्यापेक्षा तिची पिल्लं होऊ द्या असं मी म्हणेन. माप पाठवाल तेव्हा प्रत्येक पुठ्ठ्यावर पुढचा-मधला-मागचा आणि डावी बाजू कुठली ते पेनाने लिहा, मागे एकांनी न लिहिता पाठवले आणि कारागिराने मागचा आकार पुढे लावला, पूर्ण खोगीर उसवावं लागलं.